मंजुळाची मेहनत

उकंडरावाचा हात गाडीखाली सापडला, त्या संध्याकाळी वडनेर भोलजीच्या तालमीत कोणी मातीत उतरलं नाही. मारुतीपुढे दिवा लावून पोरं नुसती बसून राहिली. पंचक्रोशीत उकंडरावाइतका मजबूत पंजा दुसऱ्या कोणाचा नव्हता. कुस्तीत त्यानं एकदा मनगट धरलं, की समोरचा गडी डाव विसरून हात सोडवायच्या मागे लागायचा. कापसाची गाडी नांदुऱ्याला नेताना नाल्याच्या उतारावर उलटली आणि तोच उजवा हात कोपरापाशी चिरडला. हाडं बसवणाऱ्यानं हाड बसवलं, पट्ट्या बांधल्या, पुढे सोडल्या. पण कोपर सरळ झालं नाही आणि बोटं मिटेनात. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. उकंडराव तिशीचा होता आणि त्याची बायको मंजुळाबाई पंचविशीची.

घरात तिसरं माणूस म्हणजे उकंडरावाची आई तानाबाई. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा ती ह्या धाकट्या मुलाकडे राहिली. नाल्याकाठचा मळा आणि त्यातली विहीर उकंडरावाच्या वाट्याला आली होती. वांगी, मिरची, कांदे, मेथी, काही ना काही बारा महिने तिथे असायचं. लागून थोरल्या भावाचं, शेषरावाचं रान होतं. शेषराव वाईट माणूस नव्हता. पण त्याला ऑइल इंजन बसवायचं होतं आणि इंजनाच्या पाण्याला त्याचं एकट्याचं रान अपुरं पडत होतं.

पट्ट्या सुटल्यावर आठवड्याभरात तो ओट्यावर येऊन बसला.

"उकंडा, मळा मले बटईनं देऊन टाक," तो म्हणाला. "अर्धा माल तुह्या घरी येईन. तू आता मोट नाई हाकू शकत. एका हातानं कासरा बी धरता येत नाई."

उकंडराव बाजेवर बसला होता. दाराआड मंजुळाबाई उभी होती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी तोंडातोंडी बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. लग्नाला आठ वर्षं झाली तरी शेषरावानं तिचा आवाज नीट ऐकला नव्हता. ती सासूकडे तोंड करून बोलली, पण ओट्यावर ऐकू जाईल अशा बेतानं.

"आत्याबाई, त्याहिले सांगा, मळा आपुनच करू."

"कोन करीन?" शेषरावानं आईला विचारलं.

"मी करीन, म्हना."

"निंदन-खुरपन तिनं केलंच हाय आजवर. मोट कोन हाकीन?"

"मोटबी मीच, म्हना."

शेषराव हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. लहान मूल काहीतरी बोललं की माणूस हसतो तसं ते होतं. तेच मंजुळाबाईला जास्त लागलं.

गावातल्या बाया शेतात काय करत नव्हत्या? पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं त्यांच्याच पाठीवर. पण नांगर आणि मोट बाप्याची. बाईनं मोटेचा कासरा धरला की विहीर आटते, असं म्हातारे सांगत. दोन बैल धावेवरून, म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून खाली जायचे, नाडा ताणायचा, कातड्याची भरलेली मोट वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. मग बैलांना पाठमोरं वर आणायचं. खरी कसोटी तिथेच. बैल मागे यायला राजी नसतो. कासऱ्यानं त्याला खेचून आणावं लागतं, पुन्हा पुन्हा, सकाळपासून उन्हं चढेपर्यंत.

पहिल्याच सकाळी मंजुळाबाईच्या तळहातांची सालटी निघाली. मोऱ्या नावाच्या बैलानं तिला दोनदा धावेवरून फरफटत नेलं. काम थांबवून ती ओली मोट विहिरीबाहेर ओढायला गेली, तर ते पाणी प्यालेलं कातडं तिला हलेना. बांधापलीकडे शेषरावाचे दोन गडी काम सोडून बघत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "बाई, बैलच तुमाले हाकून राह्यले की."

संध्याकाळी तिला पीठ मळता येईना. बोटं मिटत होती, पण मनगटात जीवच नव्हता. उकंडराव बाजेवरून ते पाहत होता.

"तुमच्या हातात ताकद कुठून आली होती?" तिनं एकदम विचारलं.

"कुठून म्हंजे? मेहनतीनं."

"म्हंजे काय करत होते, ते मले सांगा."

"तुले का पैलवान व्हाचं हाय?"

"मले मोट हाकाची हाय. पैलवान राहू द्या."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. हात गेल्यापासून तालमीचं नाव काढलं की तो असंच करायचा. तिनं पुन्हा विचारलं नाही. सासूनं पीठ मळलं.

पहाटे ती उठली तर बाज रिकामी. उकंडराव नाल्याकडून येत होता. डाव्या खांद्यावर ओल्या वाळूनं भरलेलं घमेलं. त्यानं ते गोठ्यात ठेवलं आणि म्हणाला, "बस. हात घाल. मूठ आवळ, अशी, की वाळूतून पानी निघालं पाह्यजे. मंग सोड. मंग पुन्हा."

तिथून सुरुवात झाली.

वाळू झाली की काठी. हातभर काठीच्या मध्यावर दोरी बांधलेली, दोरीच्या टोकाला दगड. दोन्ही हात समोर ताठ धरून, काठी मनगटानं फिरवत फिरवत दगड वर घ्यायचा आणि तसाच मनगटानं खाली सोडायचा. पहिल्या दिवशी दगड निम्म्यावर आला आणि धप्पकन खाली पडला.

"हळू सोड," तो म्हणाला. "वर घेनं सोपं हाय. खाली सोडतानाच मनगट बनते."

"आग होऊन राह्यली हातात."

"आग होऊ दे. सुई टोचल्यासारखं सांध्यात दुखलं तर थांबजो. मासात दुखलं तर थांबू नको."

मग जोर. पहिल्यांदा भिंतीला हात टेकून, उभ्यानंच. भिंत सोपी वाटायला लागल्यावर ओट्याच्या काठाला हात टेकून. आणि पुढे जमिनीवर, काष्टा घट्ट मारून, छाती मातीला लावून उचलायची. तिच्यानं आधी एकही होईना. ती पोटावर पडायची आणि तशीच पडून हसायची. उकंडराव हसत नव्हता. "खांदे मागं घे," "कोपर उघडं नको टाकू," "कंबर खचू नको देऊ," असं तो बाजूला उकिडवा बसून सांगायचा. अपघातानंतर इतकं सलग बोलताना तिनं त्याला पहिल्यांदा ऐकलं. शेवटी निंबाच्या फांदीला लटकणं. नुसतं लटकायचं, पंजा सुटेस्तोवर; ते जमल्यावर फांदीला बांधलेल्या दोरावरून नुसत्या हातांनी वर चढायचं.

एक दिवस आड तो तिला काही करू द्यायचा नाही. "मास झोपीत वाढते," म्हणायचा. घरची शेळी होती; तिच्या दुधाचा पेला पूर्वी त्याचा होता, तो मंजुळाबाईपुढे सरकू लागला. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गुळाचा खडा.

तानाबाईला हे कळलं ते भलत्याच तऱ्हेनं. ती एकदा पहाटेच गोठ्यात गेली आणि दोन बैलांच्या मध्ये सून पालथी पडलेली पाहून घाबरली.

"काय झालं वं माय तुले?"

"काई नाई आत्याबाई. जोर मारून राह्यली."

तानाबाईनं मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "मंग दार तं लावत जा."

दार लावूनही गोष्ट बाहेर गेली. शेजारच्या सोजराबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलं आणि दुपारपर्यंत बातमी पाणवठ्यावर पोचली. मंजुळाबाई घागर घेऊन गेली, तशा बाया गप्प झाल्या.

"तुह्या भल्यासाठी सांगते," सोजराबाई म्हणाली. "बाईनं अशी मेहनत केली की कूस फिरते म्हनतात. अजून लेकरू नाई तुले."

मंजुळाबाईनं घागर भरली. घरी कोणी हा विषय काढत नसलं, तरी हे शब्द तिच्या मनात आधीपासून होतेच. ती एका हातानं घागर कमरेवर घेत म्हणाली, "कूस माही हाय. फिरली तर पह्यले मलेच समजीन. तुमाले विचाराले येईन मंग."

त्या पावसाळ्यात तिचे दंड भरले. पोटऱ्यांसारखी गोलाई कोपराखाली आली, मूठ आवळली की तिथे शिरा उठायच्या. आता मोऱ्या तिला ओढत नव्हता. कासरा आखडला की मान वळवून मागे पाहायचा. पण मोट भरपूर वेळ हाकायची तर खांद्यांना दम हवा होता, आणि उकंडरावाच्या मते त्याला एकच इलाज होता, मुदगल, म्हणजे खांद्यांभोवती फिरवायचा जड लाकडी सोटा. त्याचा स्वतःचा मुदगल होता. बांधावरची जुनी बाभूळ पडली तेव्हा त्यानं तिच्या बुंध्यातून तो घडवून घेतला होता. पण तो तालमीत होता, मारुतीजवळ, आणि अपघातानंतर उकंडरावानं तालमीचा उंबरा ओलांडला नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "दगड घेऊन काई तरी करू."

"तुमचा हाय न तो?"

"हाय. पन मागाले नाई जात मी. ते माह्या हाताकडे पाहतात."

"तुमी नका जाऊ," मंजुळाबाई म्हणाली.

ती संध्याकाळीच गेली. तालीम बाजाराच्या गल्लीत होती. दारातून आत लाल माती दिसत होती, तेल लावलेली पोरं दिसत होती. ती बाहेरच्या पायरीवर उभी राहिली तशी आतला आवाज बंद झाला. वस्ताद पंजाबराव पुढे आला. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, उकंडरावाला त्यानंच शिकवलं होतं.

"काय पाह्यजे, बाई?"

"आमचा मुदगल पाह्यजे. बाभळीचा."

"उकंडरावानं मांगला?"

"मी मांगून राह्यली."

आत कोणीतरी खाकरलं. पंजाबराव पायरीजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तो मारुतीपुढं ठेवलेला हाय. बायांचा हात नाई लागत त्याले. मी आयकलं तुमच्या घरचं. म्हनलं लोकं वाढवून सांगत असतीन."

"लोकाहिनं बरोबर सांगतलं," ती म्हणाली. "बाभूळ आमच्या बांधावरची, घडवाले सुताराले धान्य गेलं ते आमच्या घरचं. मालक घरी बसून हाय न त्याची वस्तू इथं धूळ खाऊन राह्यली. मारुतीचा असन तर मारुती मले नाई म्हनीन. तुमी म्हनू नका. बाहेर आना, नाई तर मी आत येते."

तिनं एक पाऊल उचलून उंबऱ्याजवळ ठेवलं. पंजाबराव तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या कोपराखालच्या हातावर त्याची नजर गेली आणि तिथे थोडी थांबली. त्या हातावर कोणाची शिकवण आहे हे त्याला कळलं असावं. तो आत गेला. मुदगल त्यानं स्वतः आणला आणि पायरीवर ठेवला.

"उचलून देऊ का खांद्यावर?" कोणीतरी आतून विचारलं. हसण्याचा आवाज आला.

मंजुळाबाईनं पदर खोचला, वाकून दोन्ही हातांनी मुठीला धरलं, तो गुडघ्यावर घेतला आणि तिथून खांद्यावर. बाजाराच्या गल्लीतून, दुकानदारांच्या देखत, ती तो घेऊन घरी आली. वाटेत तिनं एकदाही खांदा बदलला नाही. बदलताना हातातून सुटेल याची तिला भीती होती.

उकंडरावानं मुदगलावरून डावा हात फिरवला. बराच वेळ तो मूठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "उद्या नाई. परवापासून. आज खांदा शेक."

दिवाळीनंतर मोट तिच्याच हातात होती. सुरुवातीला लोक बांधावर येऊन बघायचे, कोणी मुद्दाम वाट वाकडी करून. मिरची लाल झाली, वांगी टोपल्यांनी नांदुऱ्याच्या बाजारात गेली, आणि बघणाऱ्यांना बघण्यासारखं काही उरलं नाही. उकंडरावही बदलत होता. तिच्याबरोबर वाळूत तोही हात घालायला लागला, डावा. उजव्याची बोटं काही मिटली नाहीत, पण डाव्या हातानं तो आता कासरा धरू शकत होता, मनगटाला एक वेढा देऊन.

होळी झाली आणि विहिरीचं पाणी उतरलं. त्या वर्षी सगळ्यांच्याच विहिरी उतरल्या होत्या. शेषरावाच्याही. पण गावात चर्चा झाली ती एकाच विहिरीची. बाईनं कासरा धरला होता ना.

शेषराव पुन्हा ओट्यावर आला. ह्या वेळेस तो हसला नाही.

"पाह्यलं न," तो उकंडरावाला म्हणाला. "मी म्हनत होतो. लोकं मले तोंडावर इचारून राह्यले. आतातरी आयक. ह्या विहिरीत अजून खाली पानी हाय, पन खोदाले गडी लागतात. मळा मह्याकडे दे, मी खोदतो."

"गडी आमीबी लावू," उकंडराव म्हणाला.

पण गडी मिळेनात. शेषरावाच्या शब्दाबाहेर जायला कोणी तयार नव्हतं, आणि बाकीच्यांना वाटे, त्या विहिरीत उतरणं अपशकुनी. उकंडराव दोन दिवस घरोघर फिरून परत आला.

"खाली मीच उतरीन," मंजुळाबाई म्हणाली.

"येडी झाली का?"

"पानी खाली गेलं. त्याले वर बोलावून थोडंच येते? आपुन खाली जाऊ. तुमी बैलं पाहा. मुरूम माह्याकडे."

तानाबाईनं सुनेची दृष्ट काढली. विहिरीला निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, त्याखाली उभा कातळ आणि तळाशी मुरूम. नाड्याला धरून ती खाली उतरायची, सब्बलनं, म्हणजे पहारीनं, मुरूम फोडायची, टोपल्यात भरायची. वर उकंडराव बैलांना धावेवरून खाली न्यायचा, टोपलं वर यायचं. तानाबाई ते रिकामं करायची. सब्बलचा दणका हातातून खांद्यात जायचा. मुदगलानं कमावलेला खांदा तो पचवायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी मुरूम ओला लागला. तिनं ओलं ढेकूळ टोपल्यात वर पाठवलं, उकंडरावानं दाबून पाहावं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी बाजूचा एक थर सुटला. तिला आवाज आला आणि ती भिंतीकडे सरकली, म्हणून जीव वाचला. पण एक धोंड घोट्यावर आली. त्या धडाक्यानं बैल बुजले. ते धावेवरून खाली सुटले, भरलेलं टोपलं, नाडा ज्यावरून फिरायचा त्या वरच्या चाकावर आदळलं, चाकाचा कणा तडकला. उकंडराव कासऱ्यासकट फरफटत गेला आणि गुडघे फोडून घेऊन उठला.

"मंजुळे," त्यानं काठावरून हाक मारली.

खालून उशिरा आवाज आला. "हाय. पाय गेला. हाड नाई मोडलं वाटते, पन टेकवत नाई."

धडाका ऐकून शेजारच्या रानातून शेषराव गड्यांना घेऊन धावत आला. मागोमाग गावातलीही माणसं जमली, त्यांत पंजाबराव होता. शेषरावानं खाली वाकून पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो भावाकडे वळला, आणि भीती माणसाला जसं बोलायला लावते तसं बोलला.

"बाज आना, दोर बांधा, आमी ओढून घेतो तिले. पन उकंडा, आधी कबूल कर. उद्यापासून ती विहिरीत उतरनार नाई, मोटेले हात लावनार नाई. मळा मह्याकडे. रोज रोज मी प्रेतं काढाले येनार नाई."

उकंडरावाचे ओठ हलले. तो कबूल झाला असता. त्यानं पुढे कित्येकदा तसं सांगितलं, की मी त्या घडीला काहीही कबूल झालो असतो.

पण विहिरीतून आवाज आला. विहिरीचा आवाज मोठा होऊन वर येतो. त्या दिवशी लोकांनी मंजुळाबाईला पहिल्यांदा भासऱ्याशी बोलताना ऐकलं.

"त्याहिले नका इचारू. मले इचारा. खाली मी हाय."

शेषराव दचकून मागे झाला. मग पुन्हा पुढे वाकला. वर तोंड करून ती त्याच्याकडेच पाहत होती. डोक्यावर पदर नव्हता.

"मी कबूल नाई," ती म्हणाली. "तुमचा दोरबी नको. नाडा खांबाले बांधा न बाजूले व्हा. उजेड अडते."

उकंडरावानं तुटलेल्या चाकावरून नाडा सोडवला, एक टोक खाली टाकलं आणि दुसऱ्यानं काठावरच्या खांबाला वेढे दिले. गाठ मारायला दुसरा हात हवा होता; तिथे त्यानं दात लावले. पंजाबराव पुढे आला आणि गाठ ओढून पाहिली. पक्की होती.

"पाय इसर," उकंडराव खाली ओरडला. "निंबावर कशी चढते, तशीच. एक हात, मंग दुसरा. दम कोंडू नको."

नाडा ताणला. खांब कुरकुरला. वरून दिसत होतं ते फक्त तिचं डोकं आणि आळीपाळीनं पुढे येणारे दोन पंजे. दुखरा पाय तिनं मागे दुमडून घेतला होता, दुसऱ्यानं ती कातळाला नुसतं रेटत होती. कातळ शेवाळलेला, पाय घसरला तशी ती भिंतीवर आदळली आणि काचेच्या बांगड्या फुटल्याचा आवाज आला. तुकडे खाली पाण्यात पडले. ती तशीच लटकून राहिली.

"थांबू नको," उकंडराव म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, गोठ्यात बोलायचा तसं बोलत होता. "थांबलं की मनगट मरते. खांद्यातून ओढ. हां. कोपर अंगाले लाव. आता उजवा."

उजवा वर आला. मग डावा. शेषराव मुंडासं हातात घेऊन उभा होता आणि ते पिळत होता. दगडी पायऱ्यांची खालची कड तिच्या हाताला लागली तेव्हा ती तिच्यावर छाती टाकून वर आली, आणि पायरीवर बसून राहिली. गडी खाली उतरायला निघाले. तिनं हातानंच नको म्हटलं. श्वास जागेवर आल्यावर ती बसल्या बसल्याच, हातांवर अंग उचलत, एक एक पायरी वर आली. शेवटच्या पायरीवर उकंडरावानं डावा हात पुढे केला. तो तिनं धरला.

काठावर बसून तिनं आधी घोटा चाचपला. मग शेषरावाकडे पाहिलं. पदर डोक्यावर घ्यायची तिला आठवण झाली नाही, की झाली असूनही तिनं घेतला नाही, हे कोणाला सांगता यायचं नाही.

"उद्या नाई येता येनार," ती म्हणाली. "पाय सुजला. उतरला की पुन्हा येईन. मळा आमचा हाय, तो आमीच करू. तुमी भिऊन बोलले, ते मले समजते. पन पुन्हा कोनाले खाली ठेवून वरून असं काई कबूल करून घेऊ नका."

शेषरावानं मुंडासं डोक्याला गुंडाळलं. ते नीट बसलं नाही. "हाव," एवढंच तो म्हणाला, आणि बांधावरून निघून गेला. इंजन त्यानं पुढच्या वर्षी आणलं, आपल्याच रानापुरतं. मळ्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. मनात राग होता की नव्हता, कोण जाणे. सणावारी तो यायचा, जेवायचा, आणि मंजुळाबाई आता त्याला स्वतः वाढायची.

तिसऱ्या दिवशी पंजाबरावानं तालमीतले दोघे तरणे गडी विहिरीवर पाठवले. मंजुळाबाई काठी टेकत आली होती.

"मुरूम तुमी खोदा," ती त्यांना म्हणाली. "मोट मात्र मी हाकीन, ते आधीच सांगून ठेवते."

फार पाणी लागलं नाही. सकाळी गुडघाभर साचायचं आणि उन्हं चढेस्तोवर संपायचं. मिरची जगली. वांग्याचा वाफा गेला. त्यात शेळी सोडली.

तानाबाईला मात्र एकच गोष्ट खात होती. सुनेचे हात उघडे होते. नवरा जिता असताना सवाष्णीनं रिकाम्या हातानं फिरावं, हे तिच्यानं पाहवेना. पाय टेकू लागताच ती सुनेला घेऊन मोटारीनं नांदुऱ्याला बाजाराला गेली. बाजाराच्या तोंडाशी मनियार बसायचा. वर्षानुवर्षं वडनेरच्या बायांच्या हातात त्यानंच बांगड्या भरल्या होत्या.

त्यानं मंजुळाबाईचा हात हातात घेतला, अंगठा आत दाबून पंजा निमुळता करून पाहिला, नेहमीच्या मापाची हिरवी बांगडी चढवायला गेला. ती बोटांच्या पेरांवरच अडली.

"हात ढिल्ला सोडा, बाई."

"ढिल्लाच हाय."

त्यानं पुन्हा दाबलं. तळहातावरचे घट्टे त्याच्या बोटांना लागले. "पंजा रुंद झाला तुमचा," तो म्हणाला. "मनगटबी."

"साबन लाव न," तानाबाई म्हणाली.

"साबनानं चढन, पन फुटन. असं करा, थोडे दिवस जड काम बंद ठेवा. हात नरम पडन, मंग या. ह्याच मापाच्या भरून देतो."

मंजुळाबाईनं हात काढून घेतला नाही. तसाच त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "आता नाई नरम पडत तो. मोठ्या काढ, चाचा."

"मोठ्यात नक्षीच्या नाईत. साध्या हायत."

"हिरव्या हायत न?"

"हाव."

"मंग भर."

त्यानं मागची पेटी ओढली, साध्या हिरव्या बांगड्यांची माळ सोडली आणि एक एक करून चढवल्या. न अडता गेल्या. तिनं कासरा आखडावा तसा हात मागे घेऊन पाहिला, मूठ मिटून उघडली, आणि दुसरा हात पुढे केला. मनियार सवयीनं पहिल्या पेटीकडे वळला, डाव्या हाताला बहुतेक बायांना जरा लहान बसतात म्हणून.

"मागच्याच पेटीतल्या," ती म्हणाली. "डावा काई लहान नाई."